ओल्या गिलाव्यावरची माणसं

४ सप्टेंबर २०२४, बुधवार. धाराशिव

पोळा झाला आणि पावसानं उघडीप दिली. आठवीच्या दोन तासिका आज सलग मिळाल्या, म्हणून पुण्याहून मागवलेलं, जोत्तो या इटालियन चित्रकारावरचं जाडजूड पुस्तक पहिल्यांदाच वर्गात नेलं. नाव-गाव, जन्म-मृत्यू काही न सांगता एक चित्र उघडून टेबलावर ठेवलं आणि पोरांना भोवती उभं केलं.

चित्रात एक म्हातारा खाली मान घालून चालत आलाय. हा योआकिम, येशूच्या आईचा, मेरीचा बाप. लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नाही म्हणून देवळातून त्याला हाकलून दिलंय. घरी जायची लाज वाटते, म्हणून तो रानात आपल्या मेंढ्यांकडे आलाय. हात पोटाशी, वस्त्रात गुंडाळलेले. समोर त्याचेच दोन मेंढपाळ उभे आहेत आणि ते एकमेकांकडे बघतायत. मालकाला काय विचारावं, विचारावं की नाही, हे त्यांना सुचत नाहीये. मेंढरं कडेनं बाहेर पडतायत. कुत्रं तेवढं पुढचे पाय उचलून योआकिमच्या अंगावर झेपावतंय.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, कुत्र्याला माहीतच नाही ना, त्याला देवळातून घालवलंय ते."

सातशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला जे सांगायचं होतं, ते माझ्या वर्गातल्या मुलीपर्यंत कुणी समजावून न सांगता पोचलं. मूल नसलेल्या माणसाला गाव कसं वागवतं, हे आमच्याकडच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

जोत्तोच्या आधी तिकडे संतांची चित्रं सोनेरी पार्श्वभूमीवर, समोर बघणारी, अधांतरी असत. जोत्तोनं त्यांना जमिनीवर उभं केलं. अंगाला वजन दिलं, वस्त्राच्या आत गुडघा आहे, खांदा आहे, हे दाखवलं. वासारी नावाच्या चरित्रकारानं १५५० मध्ये लिहिलंय की मेंढ्या राखणारं एक पोर खडकावर मेंढीचं चित्र काढत बसलं होतं, ते चिमाबुए या मोठ्या चित्रकारानं पाहिलं आणि त्याला शिष्य करून घेतलं. जोत्तो वारल्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी लिहिलेली ही गोष्ट मी खरी धरत नाही. पण ही मेंढरं ज्यानं काढली, त्यानं मेंढरं जवळून पाहिली होती, एवढं नक्की.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आज दुपार मोकळी होती, पुस्तक पुढे वाचलं.

ही चित्रं इटलीत पादुआ गावातल्या एका छोट्या प्रार्थनाघरात आहेत. लांबी जेमतेम २१ मीटर, रुंदी साडेआठच्या आसपास. एनरिको स्क्रोवेन्यी नावाच्या धनिकानं ते बांधलं. २५ मार्च १३०५ रोजी ते देवाला वाहिलं गेलं. एनरिकोचा बाप रेजिनाल्दो सावकार होता, आणि सावकारीबद्दल इतका बदनाम की कवी दान्तेनं आपल्या महाकाव्यात त्याला थेट नरकात बसवलाय. बापाच्या पापाचं ओझं हलकं व्हावं म्हणून मुलानं हे घर बांधलं, असं पूर्वीपासून मानत आले आहेत. दरवाजावरच्या भिंतीवर जोत्तोनं शेवटच्या न्यायाचा दिवस रंगवला. त्यात एनरिको गुडघे टेकून प्रार्थनाघराची छोटी प्रतिकृती मेरीच्या पुढे धरतोय. त्याच भिंतीवर, पलीकडच्या बाजूला नरक आहे, आणि तिथे गळ्यात पैशाच्या पिशव्या अडकवलेले लोक लटकतायत.

सावकाराच्या पैशातून ही भिंत रंगली आणि सावकारीची शिक्षाही त्याच भिंतीवर आली. मराठवाड्यात सावकारानं बांधलेली देवळं, धर्मशाळा, बारवा काही कमी नाहीत. त्यांतल्या एकाच्याही भिंतीवर व्याजाच्या पिशव्या गळ्यात बांधलेला माणूस मी पाहिलेला नाही. यजमानाच्या घरात, यजमानाच्या पैशावर काम करताना जोत्तोनं हे रंगवलं आणि यजमानानं ते राहू दिलं. मला दोघांचंही कौतुक वाटतं.

११ सप्टेंबर, बुधवार

गल्लीतल्या जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करायला जे मिस्त्री येतात, ते चुन्याचं काम जाणणाऱ्या आताच्या मोजक्यांपैकी एक. वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना विचारलं, ओल्या चुन्यावर रंग काढून बघायचा आहे, शाळेच्या मागच्या भिंतीवर थोडा गिलावा करून द्याल का?

"द्यीन की. पण सर, चुना ताजा चालत न्हाई. भिजत पडायला पायजे. माझ्याकडं आहे मुरलेला, त्यातलाच घिऊ."

त्यांनी हौदाचं झाकण काढून दाखवलं. वर पाणी, खाली लोण्यासारखा पांढरा चुना. थापीवर घेतला की चिकटून राहतो, ओघळत नाही. "असा झाला की समजायचं, आता भिंतीला जीव लावील," असं म्हणत त्यांनी थापी परत हौदाच्या काठाला पुसली.

शास्त्र साधं आहे, पण मला ते नेहमी थोर वाटतं. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी पडलं की तो फसफसून तापतो आणि विरतो. वाळूबरोबर तो भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीच होतो. हे होत असताना, गिलावा ओला आहे तोवर, पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावला तर तो दगडाच्या आतच अडकतो. डिंक नको, अंडं नको, तेल नको. अजिंठ्याची पद्धत याहून वेगळी. तिथे मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर, चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. म्हणून अजिंठ्यातला रंग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि पादुआतला पुष्कळसा अजून भिंतीचाच भाग होऊन राहिलाय.

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळी सातलाच मिस्त्री आले. त्यांनी भिंतीवर आधी खरखरीत थर दिला होता, आज त्यावर बारीक वाळूचा पातळ हात दिला, दोन फूट बाय दोन फूट. रंध्यानं सपाट केला आणि म्हणाले, "आता तुमचं. उन्हं वर आली की ह्यो ऐकायचा न्हाई."

नववीची पाच-सहा पोरं आली होती. गेरू, पिवडी, काजळ आणि हिरवी माती, सगळे पाण्यात घोटलेले. ब्रश टेकवला की चुना पाणी पिऊन टाकतो, रेघ लगेच बसते, पुसता येत नाही. आत्ता गडद दिसणारा गेरू वाळल्यावर कितीतरी फिका होतो, त्यामुळे उद्याचा रंग आज डोळ्यापुढे आणून लावावा लागतो. एका पोरानं घरून हळद आणली होती. पिवळी छान दिसेल म्हणून त्यानं ती गिलाव्यावर लावली आणि बघता बघता ती लाल झाली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे त्याच्या आजीला माहीत होतं, पण भिंतीवर होताना त्यानं आज पाहिलं. चुन्याच्या तोंडी वनस्पतीचा रंग टिकत नाही, मातीचा टिकतो, हे मी वर्षभर फळ्यावर लिहिलं असतं तरी असं समजलं नसतं.

जोत्तोची माणसं असंच काम करत. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचा. संध्याकाळी उरलेला कडेनं तिरका कापून टाकायचा, उद्या त्याला जोडून नवा. आभाळाचा तुकडा मोठा असे, कारण त्यात बारीक काम कमी. चेहऱ्याला पुष्कळदा त्याचा स्वतंत्र दिवस. काम वरून खाली उतरत येई, म्हणजे वरचे थेंब खालच्या झालेल्या चित्रावर पडत नाहीत. आज जाणकार भिंतीवर तिरका उजेड टाकून या तुकड्यांच्या कडा वाचतात. कोणता तुकडा कोणत्यावर चढलाय, म्हणजे कोणता आधीचा, कोणता नंतरचा, हे ते सांगू शकतात. त्या प्रार्थनाघराची भिंतच एक रोजनिशी आहे. अमुक दिवशी येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा पिवळा झगा झाला, अमुक दिवशी एका देवदूताचं रडणं.

निळा रंग मात्र त्यांना दगा देऊन गेला. अझुराइट नावाच्या खनिजाचा तो महागडा निळा ओल्या चुन्यात नीट नांदत नाही, म्हणून तो भिंत वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवून वरून लावत. तो जागोजागी झडलाय. मेरीची निळी वस्त्रं कितीतरी ठिकाणी उघडी पडली आहेत.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, संध्याकाळी विसर्जन. गिलावा पूर्ण वाळला. गेरूवर ओलं बोट फिरवलं, रंग बोटाला आला नाही. मिस्त्री बघून गेले आणि खूश झाले.

२२ सप्टेंबर, रविवार

तेर. पोरांना घेऊन एसटीनं गेलो.

गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं. तेरणेला पाणी होतं. मनात काही दिवसांपासून एक गोष्ट घोळत होती, ती इथेच पोरांना सांगितली. परंपरेनं गोरा कुंभारांचा जन्म शके ११८९, म्हणजे इसवी सन १२६७ मानतात. जोत्तोचा जन्मही अभ्यासक १२६७ च्या सुमाराला धरतात. म्हणजे तिकडे फिरेन्झेच्या परिसरात एक पोर आणि इकडे तेरच्या आळ्यात एक पोर, जवळपास एकाच काळात मातीत हात घालत होतं. गोरोबांची समाधी १३१७ ची मानतात, जोत्तो ८ जानेवारी १३३७ रोजी गेला. या दोघांच्या काळात आपल्याकडे ज्ञानेश्वरी मराठीत झाली आणि तिकडे दान्तेनं आपलं महाकाव्य लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत लिहिलं. त्यात जोत्तोचं नावही आहे: चित्रकलेत चिमाबुएचा दबदबा होता, आता बोलबाला जोत्तोचा, अशा अर्थाचा उल्लेख. दोन्हीकडे देव पंडितांच्या हातून सुटून चालत्या-बोलत्या माणसांत येत होता. कुणाचा कुणाशी संबंध नव्हता. माझ्या मते म्हणूनच तो योग पुनःपुन्हा आठवण्यासारखा आहे.

गोरोबांची गोष्ट पोरांना पाठ होती. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना स्वतःचंच लेकरू पायाखाली गेलं. कीर्तनात ही गोष्ट पुढच्या चमत्काराकडे लवकर सरकते. आज समाधीपाशी उभा असताना मी त्या आईचा विचार करत होतो, जी पाणी घेऊन परत आली. पादुआत जोत्तोनं राजा हेरोदनं बालकांची कत्तल केली तो प्रसंग रंगवलाय. त्यातल्या आयांच्या गालांवर अश्रूंचे ओघळ आहेत, एकेक रेघ वेगळी दिसते. तेरच्या या आईचा चेहरा रंगवणारा असा हात आपल्याकडे निघायला हवा होता. अजूनही निघावा.

तिथून त्रिविक्रमाचं देऊळ. विटांचं, मागची बाजू अर्धगोल, मुळात बौद्ध चैत्य असावा असं अनेक जाणकार म्हणतात, ते. मग लामतुरे संग्रहालय. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीच्या टेकाडात सापडलेल्या हजारो वस्तू हयातभर जमवल्या. सातवाहन काळातलं तगर ते हेच. पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथात आणि टॉलेमीच्या भूगोलात ज्याचं नाव येतं, ते. इथली हस्तिदंती बाई पोरांना दाखवली आणि मोबाइलवर तिची जोडीदारीण दाखवली: १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेतून निघालेली हस्तिदंती मूर्ती. बांगड्या, केशरचना, उभं राहणं, दोघी एकाच घरातल्या वाटतात. जोत्तोच्या हजारएक वर्षं आधीपासून आपल्या कारागिरांचं काम इटलीत पोचत होतं.

पोरं सगळ्यात जास्त रमली ती केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या मूर्तींपाशी. दोन साच्यांत काढून जोडलेल्या, आतून पोकळ. एका चेहऱ्याची हनुवटी बोटभर, ओठ किंचित उघडे. कडेला साच्याचा सांधा दिसतो, तो कारागिरानं पुसलाय, पण कानामागे राहून गेलाय. मी पोरांना तेवढंच काढायला लावलं: कानामागचा सांधा.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आजच्या तारखेला, १९९७ साली, इटलीतल्या असिसीला भूकंप झाला. रात्री एक धक्का बसला. सकाळी संत फ्रान्सिसच्या मंदिराचं किती नुकसान झालं हे बघायला माणसं आत गेली होती, तेवढ्यात दुसरा धक्का बसला आणि रंगवलेली कमान त्यांच्यावर कोसळली. चार जण गेले, दोन संन्यासी आणि दोन तंत्रज्ञ. तिथली फ्रान्सिसची चित्रमाला जोत्तोची की दुसऱ्या कुणाची, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. ढिगाऱ्यातून लाखांच्या घरात तुकडे वेचले, कित्येक नखाएवढे. जुने फोटो समोर ठेवून ते जुळवायला बसले. १९९९ च्या नोव्हेंबरात मंदिर पुन्हा उघडलं. काही जागा कोऱ्याच ठेवल्या. जे गेलं ते गेलं, आपल्या मनानं भरायचं नाही, ही त्यांची शिस्त मला मोलाची वाटते.

३० सप्टेंबर, सोमवार

तुळजापूरला देवीची मंचकी निद्रा चालू आहे. तिकडे जाणाऱ्या वाटेवर पायी निघालेली माणसं दिसायला लागली.

किल्लारीच्या भूकंपाला आज एकतीस वर्षं झाली. १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या चार मिनिटं आधी जमीन हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण उमरगा आणि लोहाऱ्याकडची गावं आमच्या जिल्ह्यातली. बावन्न गावं मुळातून गेली. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीनं जड झालेली माळवदं. जे घर उन्हापावसात आसरा होतं, तेच अंगावर आलं.

मी तेव्हा कलाशिक्षक पदविकेच्या पहिल्या वर्षाला होतो. दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर भाकरी घेऊन सास्तूरला पोचलो. पाऊस लागला होता. माळवदाचंच लाकूड सरणाला लागत होतं. रडणाऱ्यांचे चेहरे मला फारसे आठवत नाहीत. आठवतात त्या पाठी. आपापल्या माणसाच्या शेजारी जमिनीवर बसलेली माणसं, आमच्याकडे पाठ, डोक्यावर पोतं किंवा पदर. त्यांना हाक मारायची कुणाची छाती होत नव्हती.

पुढे वर्षभरानं कॉलेजच्या ग्रंथालयात जोत्तोचं 'विलाप' हे चित्र पाहिलं. क्रूसावरून उतरवलेला येशू डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, जमिनीवर. मेरी त्याची मान दोन्ही हातांत धरून चेहऱ्यावर वाकलीय. पायाशी मग्दालेना. योहाननं दोन्ही हात मागे फेकलेत. वर आभाळात देवदूत आक्रोश करतायत, एकाचा चेहरा हातांत आहे, एकानं अंग मागे टाकलंय. खडकाची एक तिरकी कड वरून उतरत थेट त्या दोन डोक्यांपर्यंत येते, नजर दुसरीकडे जाऊच शकत नाही. आणि सगळ्यांच्या पुढे, आपल्याकडे पाठ करून बसलेल्या दोन व्यक्ती. चेहरा नाही. वस्त्राचा एक मोठा, जड गोळा, इतकंच. त्यांच्या पाठीकडे बघताना आपण त्या गर्दीत मागे उभे असतो.

सास्तूरला जे पाहिलं होतं ते सातशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाला माहीत होतं. त्या दिवसापासून मी जोत्तो सोडलेला नाही. वर्गात दरवर्षी तो येतो तो यासाठी. दुःख काढायचं असेल तर आधी माणूस जमिनीवर बसला की त्याची पाठ कशी होते ते नीट बघावं लागतं, डोळ्यांतून पाणी काढणं त्यानंतरचं काम.

५ ऑक्टोबर, शनिवार

घटस्थापना झाली. आज आठवीला एकच काम दिलं: समोरच्या बाकावर बसलेल्याची पाठ. पुस्तकातलं कॉपी करायचं नाही, मोबाइलवरचं तर नाहीच. सुरुवातीला कुरकुर झाली, मग वर्ग शांत बसला. दप्तराच्या पट्ट्याचा शर्टावर उमटलेला वळ एका मुलानं बरोबर टिपला. दुसऱ्यानं मित्राचा एक खांदा खाली काढला. मी विचारलं तर म्हणाला, "सर, तो सोयाबीन काढायला जातो सकाळी, दुखतंय त्याचं." हे चित्र मी जपून ठेवणार आहे.

फिरेन्झेला सांता क्रोचे चर्चमध्ये जोत्तोनं बार्दी आणि पेरुझ्झी या दोन सावकारी घराण्यांची प्रार्थनाघरं रंगवली होती. अठराव्या शतकात लोकांना ती जुनाट वाटली आणि चक्क पांढऱ्या चुन्याखाली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती उघडी केली. फ्रान्सिसच्या मृत्यूच्या चित्रावर कुणाचं तरी स्मारक भिंतीला ठोकलं होतं, तेवढी जागा आज कोरी आहे. इतक्या मोठ्या माणसाच्या, स्वतःच्याच गावातल्या कामाची ही गत.

आपल्याकडे चुन्याच्या जागी ऑइलपेंट आहे. गेल्या काही वर्षांत मी जिल्ह्यात किती वीरगळ, किती जुने खांब, किती द्वारशाखा शेंदरी-निळ्या चकचकीत रंगाखाली गेलेल्या पाहिल्या. रंग देणाऱ्यांची भक्ती खरी असते, त्यांच्या हेतूवर मला बोट ठेवायचं नाही. पण दगडावरची छिन्नीची रेघ त्या जाड पुटाखाली बुजते, आणि रंग खरवडायला गेलं की दगडच सोलून निघतो.

म्हणून माझ्या जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांना दोन गोष्टी मागतो. वर्षातून एकदा तरी वर्ग तेरला न्या. आणि गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक असेल त्या दिवशी तिथे जाऊन बसा आणि रंगाचा डबा उघडण्याआधी पुरातत्त्व विभागाला विचारा, असं उठून सांगा.